घर सरकतंय

"घर सरकतंय," एलिसेओ म्हणाला.
रात्रीचे तीन वाजले असतील.
मी कूस बदलली. म्हटलं, झोप रे,
सरकायचं ते काल सरकून झालं.

आणि झालंच होतं.
नऊ जोड्या बैल, साठेक माणसं, दोन जाड दोर,
ओहोटीला उघडा पडलेला चिखल,
आणि त्यावरून, ओंडक्यांवरून घरंगळत,
आमचं लाकडी घर, खिडक्यांसकट, पडद्यांसकट
करकरत टेकाडावर चढलेलं.
चिलोएत असंच करतात. समुद्र उंबऱ्याला लागला
की घरालाच उठवायचं.
एलिसेओ दिवसभर पहिल्या दोराला.
एकसष्ट वर्षांचा माणूस. नको म्हटलं, तर म्हणतो,
माझं घर, आणि मी बघत उभा राहू?

संध्याकाळी जेवला तो. शपथेवर सांगते.
शिंपल्या, डुकराचं मांस, बटाटे, परत बटाटे.
नऊ वाजता पोटाची चिमूट धरून
रोजचीच सुई, दिवसरात्र पुरणारी. बावीस युनिट.
कमी नाही, जास्त नाही.
मग चूक कुणाची काढायची?

"सरकतंय, ओढा," तो परत म्हणाला,
आणि मला हाक मारली, नोएमी.
नोएमी त्याची बहीण. जाऊन बारा वर्षं झाली.
तेव्हा कुठे मी हात लावला.
लोकरीचा सदरा पिळून काढावा इतका ओला,
मान गार, नदीतल्या गोट्यासारखी.

दिवा. यंत्र. बोट. थेंब.
एक्केचाळीस.

आता ऐका, साखर कुठे होती.
फुटण्यासारखं, सांडण्यासारखं सगळं आदल्या दिवशीच
झुनिल्डाकडे नेऊन ठेवलेलं : बश्या, आरसा, साखरेचा डबा.
झुनिल्डाकडे म्हणजे वीस पावलं.
चाळीस वर्षं, वीस पावलं.
मी अनवाणी दार उघडून धावले
आणि समोर नुसतं गवत.
तिचा दिवा खाली, भरतीच्या पाण्यापलीकडे,
टाचणीच्या डोक्याएवढा.

घर आलं होतं. शेजार तिथेच राहिला होता.

बादल्या उपसल्या. खिळे, मेणबत्त्या, देवाची तसबीर,
आणि फडक्यात गुंडाळलेली एक बरणी,
रानातल्या मुर्ताच्या फळांचा मुरांबा,
कुणीतरी गृहप्रवेशाला दिलेला. झाकण हलेना.
दाराच्या फटीत धरून फिरवलं.
तो दात आवळून बसलेला. बोट लावू देईना.
मी त्याला अशी शिवी दिली
जी मी बैलालासुद्धा दिली नसती,
आणि आश्चर्यानं त्याचं तोंड उघडलं.
एक बोट. गिळलं का? गिळलं. दुसरं बोट.

मग पंधरा मिनिटं थांबायचं असतं.
थांबणं हे कामच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
नव्या जागी तुळया बसत होत्या, एकेक हाड मोडल्यासारख्या.
एकोणसत्तर. मग पाव. मग तो रडला,
का ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सकाळी दवाखान्यातली इव्होन म्हणाली,
दिवसभर राबलेलं अंग रात्रभर साखर ओढत राहतं,
आणि ती सुई काही बघायला थांबत नाही.
मला सोतोंचा करडा बैल आठवला.
काल जू उतरवल्यावरही तो कितीतरी वेळ
अंगणात मान खाली घालून चालतच होता.
मागे काही नाही, हे त्याला कुणी सांगायचं?

आता अठरा युनिट. राबायच्या दिवशी इव्होनला आधी विचारायचं.
साखरेचा डबा बश्यांच्याही आधी परत आला, तो उशाशी.
त्याला काहीच आठवत नाही.
दाढीत मुरांबा कसा, म्हणून मलाच विचारत होता.

कधी रात्री वारा सुटतो, भिंती करकरतात,
आणि तो हसून म्हणतो, "घर सरकतंय गं."
मी हसत नाही.
उठते. दिवा लावते. त्याचं बोट मागते.